अर्जदार क्रमांक चौदा

गुरुवार, १२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

दादाचे आशीर्वाद. 'साहेब' म्हणून सुरुवात करणार होतो, पण सध्या तू निलंबित आहेस, तेव्हा साहेबपण कुठे काढून ठेवलंयस कोण जाणे. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल. पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, नाहीतर दोन्हींत तथ्य नाही.

तुझं पत्र मला सोमवारी मिळालं. आलं होतं शनिवारीच, पण नवा पोस्टमन ते शिंप्याच्या घरी टाकून गेला. शिंप्याने दोन दिवस ठेवून, बहुतेक वाचून, मग आणून दिलं. जुना पोस्टमन असता तर असं झालं नसतं. तो का नाही, हे तुला मी सांगायला नको. म्हणून हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. स्वतः येऊन तुझ्या दाराखालून सरकवीन आणि बेल न वाजवता परत फिरेन.

तुझ्या घरापर्यंत यायचं म्हणजे काय, ते तुला नकाशावर माहीत आहे. मी सायकलवरून सांगतो. पूर्वी वेल्डिंगच्या दुकानातून निघालो की आठ मिनिटं. आता दुकानासमोर पालिकेचा, म्हणजे तुझा, दुभाजक, म्हणून आधी उलट्या दिशेला सिग्नलपर्यंत जा. तिथून वळून परत ये. पुढे बाजाररस्ता एकेरी, म्हणून दवाखान्याला वळसा. मग तुझा तो लाडका गोल चौक, ज्यात आधी कोणी जायचं हे या शहरात अजून एकालाही कळलेलं नाही. परवा एक टेम्पोवाला त्यात तीन फेऱ्या मारताना मी डोळ्यांनी पाहिला. बिचाऱ्याला बाहेर पडायला कोणी जागा देईना. आठाची बावीस मिनिटं झाली. उंटावरून शेळ्या हाकणारे तुम्ही, तुम्हाला सायकलचं काय कळणार!

नऊ महिन्यांनी पत्र लिहिलंस, तेही चार ओळींचं. ते माझ्यासमोर आहे. "सोमवारी सोळा तारखेला चौकशीची शेवटची बैठक आहे. आईच्या जबाबावर मी काही बोलणार नाही, ते जे ठरवतील ते मान्य करणार आहे. तिला पुन्हा कोणी विचारायला येणार नाही असं बघतो. वॉकरची उंची तिला जुळली का?"

जुळली. मी केलाय तो, तुझ्या ठेकेदाराने नाही.

आईचं म्हणशील तर मांडीचं हाड सांधलंय. खोलीतून मोरीपर्यंत आणि मोरीतून खोलीत, एवढं ती वॉकर धरून करते. पायरी उतरत नाही. जेवण अर्धं झालंय. तुझी वहिनी म्हणते, दुखण्यामुळे. मला तसं वाटत नाही, पण माझं कोण ऐकतंय. माझं न ऐकण्याची आपल्या घरात परंपरा आहे आणि ती तू सभागृहापर्यंत नेलीस.

हो, तेच काढतोय. तुला वाटलं असेल, दादा विसरला.

मे महिन्यात दुभाजकावरच्या हरकती ऐकायला तुम्ही सगळ्यांना बोलावलंत. दारात चिठ्ठी दिली, तिच्यावर नंबर. तू टेबलामागे, समोर पाण्याची बाटली. माझी पाळी आली. मी काय मागत होतो? दुकानासमोर दुभाजकात माणूस जाईल एवढी वाट ठेवा. आई या बाजूला, मावशी त्या बाजूला, मधे तीस पावलं. सत्तरी ओलांडलेल्या दोन बहिणी रोज दुपारी एकमेकींकडे जातात. सिग्नलवरून जायचं तर जाताना अर्धा किलोमीटर, येताना अर्धा. आणि तिथे हिरवा माणूस पेटतो वीस सेकंद. मी घड्याळ लावून मोजलं होतं, आईला रस्ता ओलांडायला अडतीस लागतात. अठरा सेकंद ती रस्त्याच्या मधे काय करेल, एवढंच विचारलं मी. तू मान वर न करता म्हणालास, "अर्जदार क्रमांक चौदा, आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे. पुढचे."

पुढचे! लहानपणी तुला सायकल कोणी शिकवली रे? मागून कॅरिअर धरून तीन महिने कोण धावलं? आणि सगळ्यांसमोर मला नंबर. शेजारचा चहावाला अजून मला 'या चौदा' म्हणून हाक मारतो.

बरं, दुभाजकावरच्या रेलिंगचं काम तरी मला द्यायचं. शहरात वेल्डिंगची दुकानं तीन, त्यांत दोघांना सरळ रेघ मारता येत नाही. पण भावाला काम दिलं तर लोक बोलतील. बरोबर आहे तुझं. तू कायम बरोबरच असतोस. बाहेरून आलेल्या ठेकेदाराने थुंकून चिकटवल्यासारखं वेल्डिंग केलं आणि ते बघत मी समोरच्या दुकानात रोज बसायचं.

रेलिंग बसल्यावर आई आणि मावशी काय करायच्या माहीत आहे? दुपारी चारला दोघी आपापल्या फुटपाथवर येऊन उभ्या राहायच्या. मधून ट्रक, बस, रिक्षा. ही ओरडायची, "गुडघा कसा आहे?" ती ओरडायची, "काय?" मग दोघी हात हलवून आत जायच्या. मावशीला लांबचं धड दिसत नाही. एकदा ती अर्धा तास वाण्याच्या बायकोला हात करत उभी होती. तुझी वहिनी हसली. मला हसू आलं नाही.

आता ती फट. तुझ्यावर सगळं बालंट तिच्यावरूनच आलंय, तेव्हा तिच्याबद्दल लिहायला हवं. नोव्हेंबरात रेलिंगचे दोन पाइप कापले गेले, बरोबर दुकानासमोर. बारीक अंगाचं माणूस तिरपं होऊन जाईल एवढी वाट. कोणी कापले, काय कापले, ते सोड. लोकांना सोय झाली. आई रोज मावशीकडे जायला लागली. वीस-पंचवीस दिवस तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

तीन डिसेंबरला ती फटीतून त्या बाजूला उतरली आणि पोस्टमनची स्कूटर आली. गाडीवाल्याला रेलिंगमधून माणूस निघेल अशी अपेक्षा नसते, हे मला कळतं. त्याने तिला वाचवायला हँडल वळवलं. ती पडली, तो रेलिंगवर गेला. पुढचं तुला माहीत आहे. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत.

मग शोधाशोध सुरू. तुझी वही निघाली. आठ नोव्हेंबरला तू पायी जाऊन सगळं रेलिंग तपासलंस, दर दहाव्या पाइपावर पिवळ्या रंगाने तारीख घातलीस आणि वहीत लिहून सही केलीस, 'रेलिंग अखंड.' आणि जानेवारीत चौकशीचा माणूस घरी आला तेव्हा आई म्हणाली, "फट पहिल्यापासूनच होती. रेलिंग लावलं तेव्हापासून." लिहून घेतलं, सही घेतली. म्हणजे तू फट बघून डोळेझाक केलीस आणि खोटी सही ठोकलीस, असं झालं.

तेव्हा मी दारात उभा होतो. ती म्हातारी आहे, तिच्या लक्षात काय राहतं.

आज एवढंच. दुकानात एक फाटक अर्धं पडलंय.


शुक्रवार

पत्र टाकायला निघालो नाही. काल लिहिलेलं पुन्हा वाचलं आणि खिशात ठेवलं.

आज पोस्टमनकडे गेलो. याआधी दोनदा निघालो होतो आणि दोन्ही वेळा संत्र्यांची पिशवी घेऊन अर्ध्यातून परत आलो. तुझ्या वहिनीला वाटतं मला संत्री फार आवडतात.

त्याचं घर सिग्नलच्या पलीकडे. नऊ महिन्यांत त्या सिग्नलवर मी सायकलवरून उतरलो नव्हतो. वळसा घालायचा, शिव्या द्यायच्या, पुढे जायचं. आज हातात पिशवी होती म्हणून पायी गेलो. हिरवा माणूस पेटला आणि सवयीने मी मोजायला लागलो. वीस झाले, तो पेटलेलाच. पंचवीस, तीस, मी पलीकडे पोहोचलो तरी पेटलेला. मागे वळून पूर्ण मोजले. चाळीस.

कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याला विचारलं, हे कधी झालं? तो म्हणाला, "ऑक्टोबरात. तुमचे बंधू स्वतः आले होते की. खांबाला शिडी लावलेली, हे खाली घड्याळ घेऊन उभे. म्हणाले, अडतीस लागतात, चाळीस ठेवा."

ऑक्टोबरात. एका शब्दाने सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर जीभ झिजली असती का? पण तू सांगणार कसा, मी तुझा फोन उचलत नव्हतो. आणि अर्धा किलोमीटर तर आहेच, ते काही तुझ्या चाळीस सेकंदांनी कमी होत नाही. ते विसरू नकोस. मीही विसरणार नाही.

पोस्टमन डाव्या हाताने पत्ते लिहायची सवय करत होता. समोर वही, पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी अक्षरं. त्याची बायको माझ्याशी बोलेना. मी साहेबांचा भाऊ ना. मग बोलली ते असं: "तुमच्या भावाची नोकरी जाईल तेव्हाच माझ्या घशाखाली घास उतरेल. रस्ता न बघता सही करतो म्हणजे काय?"

मी तिला म्हणालो, "तो बघून सही करतो." तोंडातून निघून गेलं.

"मग फट दिसली नाही?"

मी पिशवीतली संत्री नीट करायला लागलो. पोस्टमन म्हणाला, "राहू दे गं." मग मला म्हणाला, "तुमच्या आईला सांगा, मी बरा आहे. पण तुमच्या भावावर माझा राग नाही, असं म्हणायला मी काही देव नाही."

संत्री तिने घेतली नाहीत. परत आणली.


शनिवार

आता लिहितो. खाई त्याला खवखवे म्हणतात, तीन दिवस घसा खवखवतोय.

ते दोन पाइप मी कापले.

तू आठ तारखेला शनिवारी तपासणी करून गेलास. दुकानासमोरून गेलास, ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन, माझ्याकडे बघितलं नाहीस. मीही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार, सकाळी सहाला रस्ता रिकामा. दुकानातून वायर ओढली, ग्राइंडर घेतला. तुमच्या लोकांनी नाल्यापाशी टाकून दिलेली 'काम चालू आहे' ची पाटी होती, ती पुढे ठेवली. फिरायला निघालेले दोघंतिघं मला 'नमस्कार' करून गेले. एकाने तर विचारलं, "अखेर काम मिळालं वाटतं?" मी म्हटलं, हो.

खोटं का सांगू, हात शिवशिवत होते माझे. प्रत्येक ठिणगीला वाटत होतं, घे, नोंदवून घे हा मुद्दा.

पण कापून तसंच टाकवेना. खालचे खुंट सिमेंटबरोबर सपाट केले, पाय अडकू नये म्हणून. आडव्या पट्ट्यांची टोकं घासली, मग कानस फिरवली, मग पॉलिश पेपर, आईची शाल किंवा पिशवीचा बंद अडकू नये म्हणून. चोर कधी असं करत नाही. चोर कापतो आणि पळतो.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तू टेप आणि फोटोवाला घेऊन आलास. मी शटर अर्धं खाली ओढून आत उभा होतो. तू उकिडवा बसलास. पट्टीच्या टोकावरून अंगठा फिरवलास. एकदा, मग परत एकदा. मग मान वर करून माझ्या दुकानाकडे बघितलंस, बराच वेळ. आणि वहीत काहीच लिहिलं नाहीस.

म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं. दोन महिने तू निमूट सगळ्यांचं ऐकून घेतोयस आणि सोमवारी मान खाली घालून मान्य करणार आहेस. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशालाच हौस! कोणी सांगितलं होतं तुला? मला उपकार नकोत तुझे. सभागृहात मला नंबर देणारा तू, आता माझ्यासाठी नोकरी देतोस? ती तुझी आहे. तिच्यासाठी आईने बांगड्या मोडून तुला शिकवलं आणि मी नववीत शाळा सोडून वेल्डिंगचा चष्मा लावला. ती अशी कोणाला दान द्यायचा तुला हक्क नाही. माझ्यासाठी तर मुळीच नाही.

आणि आईच्या लक्षात राहत नाही असं मी गुरुवारी लिहिलं, ते खोटं आहे. तिला माझ्याआधी सगळं लक्षात असतं. पहिल्या दिवशी फटीतून तिला नेलं तेव्हा तिने पट्टीच्या टोकाला बोट लावलं आणि म्हणाली, "पालिकेची माणसं एवढं घासत नाहीत." आणि तिरपी होऊन पलीकडे निघाली. मावशीकडे जायची घाई होती तिला.

अजून एक आहे. हे तुला ठाऊक नाही.

कापलेले पाइप मी दुकानात आणले होते. चांगला जाड पाइप, टाकवेना. आईला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा वॉकर हवा होता. विकतचे सगळे तिला उंच होत होते. मी ते दोन पाइप घेतले, त्यांचे पुढचे दोन पाय केले, मागचे दुकानातल्या तुकड्यांचे. एका पाइपावर तुझी तारीख होती. पिवळी, तुझ्या हातची, आठाचा खालचा गोल नेहमीसारखा मोठा. मी वरून पांढरा रंग दिला आणि तो वॉकर आईच्या हातात दिला. दीड महिना ती त्याच्यावर भार टाकून चालतेय.

आज दुपारी मी रंग घासायला बसलो. आई खाटेवरून बघत होती.

"काय घासतोयस?"

"रंग."

"कशाला?"

मी सांगितलं. खाली बारक्याची तारीख आहे. आठ नोव्हेंबरला हा पाइप जागेवर उभा होता, याचा तोच पुरावा आहे. त्याची सही खरी आहे.

ती म्हणाली, "मग इतके दिवस कशाची वाट बघत होतास?"

मी चिडलो. म्हटलं, "तूच तर जबाब दिलास, पहिल्यापासून फट होती म्हणून!"

"दिला. एका लेकाला वाचवायचं तर दुसरा बुडतो, मी काय सांगायचं होतं? तू दारातच उभा होतास ना? मला वाटलं, आई एवढं धडधडीत खोटं बोलतेय, आता तरी हा मधे तोंड घालेल. मी तो माणूस जाईपर्यंत तुझ्याकडे बघत होते."

बारक्या, तेव्हा मी जमिनीकडे बघत होतो.

मी बराच वेळ घासत बसलो. तारीख निघाली. थोडी पुसट झालीय, पण आठ आणि अकरा स्पष्ट वाचता येतात. मी कापल्याचा माझा जबाब वेगळ्या कागदावर लिहून सही केलीय. पोस्टमनच्या घरी उद्या जाणार आहे. त्याची बायको काय म्हणेल ते ऐकून घेईन. त्याच्या बोटांचं मी काय करू शकतो ते मला अजून कळत नाही.

सोमवारी अकराला मी वॉकर सायकलला बांधून कचेरीत येतो. तू तोंड उघडायच्या आत मला बोलू दे. एकदा तरी. आणि तुमच्या लोकांना आधीच सांगून ठेव, फोटो काढा, मापं घ्या, काय वाटेल ते करा, पण वॉकर पुराव्यात जमा करून घेऊ नका. मोरीपर्यंत जायला तिच्याकडे दुसरं काही नाही. सोमवारी ती खुर्चीत बसून राहणार आहे. म्हणाली, "परत येईपर्यंत मी उठत नाही." मी विचारलं, वॉकर? म्हणाली, "तुम्ही दोघं."

माझा राग गेलेला नाही, हे लक्षात असू दे. चाळीस सेकंदांबद्दल तर मुळीच नाही. ते सांगायला हवं होतंस, शटर ठोकून सांगायला हवं होतंस.

कचेरीच्या दारात मला चिठ्ठी देतील, तिच्यावर जो आकडा असेल तो असू दे. तू मात्र या वेळी मान वर करून बघ.

अर्जदार क्रमांक चौदा,
तुझा दादा